खणाचे ड्रेस, नवरीचे ब्लाउज आणि एकच गल्ला

पत्र: "ताई, मी ३१ वर्षांची आहे. पुण्यात फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केला, लग्न होऊन सांगलीत आले आणि चार वर्षांपूर्वी घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. खणाचे कुर्ते, ड्रेस, जॅकेट असा माझा स्वतःचा ब्रँड आहे. शिवाय लग्नाचे ब्लाउज करून देते, पण ते नाइलाजाने. दोन शिवणाऱ्या बायका आहेत. कटिंग मास्टर होता, तो ऐन दिवाळीत सोडून गेला. इन्स्टाग्रामवर ऑर्डरी येतात, बेळगाव-बंगळूरलाही माल जातो. पुण्यातलं एक बुटीक माझे कपडे ठेवतं, विकले की ३५ टक्के कापून पैसे देतं, तेही चार-पाच महिन्यांनी. माझं सगळ्यात चाललेलं जॅकेट एका दुकानाने जसंच्या तसं उचललं. बारा-बारा तास राबून महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. नवरा म्हणतो, मुद्रा लोन काढ आणि मेन रोडला गाळा घे. ३ लाख डिपॉझिट, १८ हजार भाडं. फॅशन डिझायनर अनिता डोंगरेंनीही घरातूनच सुरुवात केली होती, असं तो सारखं ऐकवतो. सासूबाई म्हणतात, कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आलीय, ती धर. काय करू?" – एक वाचक, सांगली

तू 'ताई' म्हणालीस, म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते.

पत्राबरोबर वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस, हे फार बरं केलंस. नुसतं पत्र वाचून मला वाटलं होतं की गिऱ्हाईक कमी पडतंय. वही वेगळंच सांगते. तुझे धंदे दोन आहेत आणि गल्ला एक. ब्लाउज करून देणं हा एक धंदा, तयार कपडे विकणं हा दुसरा. पहिला कमावतो, दुसरा खातो. ज्याला तू 'नाइलाज' म्हणतेस तोच बायकांचे पगार भागवतोय, आणि ज्यासाठी तू जागतेस त्याने चार वर्षांत तुला स्वतःला एक रुपया पगार दिलेला नाही. दोन्हींचे पैसे एकाच डब्यात पडतात, म्हणून हे तुला दिसत नाही.

तुझ्या वहीतल्या मोरपंखी खणाच्या त्या दहा ड्रेसचंच घेऊ, म्हणजे माझं म्हणणं हवेत राहणार नाही. एका ड्रेसला कापड ३ मीटर, १८० रुपयांनी ५४० झाले. अस्तर १५०, शिलाई २५०, बटणं-दोरा-लेबल ४०, पिशवी आणि टॅग ३०. एकूण १,०१०. विक्री १,८५०. तू समोर '८४० फायदा' लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेस. तो फायदा फक्त घरून, पूर्ण किमतीला, रोख विकलेल्या ड्रेसवर होतो. हे दहाही ड्रेस तर पुण्याला गेले. तिथे ३५ टक्के कापल्यावर एका ड्रेसचे तुला १,२०२ रुपये ५० पैसे येतात. सहा विकले गेले, त्याचे ७,२१५ झाले. चार परत आले, त्यातले दोन तू सेलमध्ये हजार-हजारला काढलेस. एकूण जमा ९,२१५, खर्च १०,१००. म्हणजे ८८५ रुपये तुझ्याच खिशातून गेले आणि दोन ड्रेस कपाटात आहेत. यात मास्टरचा पगार धरलेला नाही, कुरिअर, वीज, फोटोचं बिल नाही, आणि तू स्वतः तर नाहीसच.

आता त्याच महिन्यातली नवरीच्या ब्लाउजची ओळ बघ. घेतले ३,५००. आरीचं भरतकाम करणाऱ्या आरीवाल्याला १,२००, शिलाई ४००, अस्तर-कप-लटकन २५०. उरले १,६५०. अर्धे पैसे माप घेतानाच हातात, बाकीचे पंधरा दिवसांत. कापड तिचं, त्यामुळे तुझा पैसा कुठे अडकला नाही, साइज उरली नाही, सेल लावावा लागला नाही.

हे असं आहे म्हणून ब्रँड बंद कर, असं मी म्हणणार नाही. तुझ्या जॅकेटचे फोटो पाहिले. खणाचा काठ तू पाठीच्या मधोमध उभा घेतलास आणि कॉलर साधी ठेवलीस. असा हात सगळ्यांना नसतो. पण ब्रँडला आधी स्वतःच्या पायावर उभं राहू दे. आजच बँकेत दुसरं खातं उघड. ब्लाउजचे पैसे एका खात्यात, ब्रँडचे दुसऱ्यात, दोघांचे क्यूआर कोड वेगळे. ब्लाउजच्या खात्यातून दर महिन्याच्या १ तारखेला स्वतःला पगार काढ. १५ हजारांपासून सुरू कर, आणि तो आधी काढ, उरला तर नव्हे. ब्रँडला पैसे कमी पडले तर ब्लाउजकडून उसने घे, पण तारीख टाकून, वहीत लिहून. तीन महिन्यांत तुझं तुलाच कळेल कोण कोणाचं देणं लागतं.

बुटीकचं. तुझा माल त्यांच्याकडे विकल्यावर पैसे या बोलीवर आहे आणि कागद काहीच नाही. माल विकला की नाही हे तेच सांगणार, कधी विकला हेही तेच सांगणार. पैसे वेळेवर मिळावेत म्हणून लहान उत्पादकांच्या बाजूने कायदा आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ. शिवाय आयकराच्या नियमांत २०२४ पासून भर पडली आहे: अशा उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम घेणाऱ्याला खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही गोष्ट दुकानदाराच्या सीएला बरोबर कळते, त्यामुळे मार्च जवळ आला की कधी कधी फोन न करताही पैसे येतात. पण हे सगळं केव्हा? माल विकत घेतला असेल तेव्हा. तुझा माल अजून तुझाच आहे, त्यांच्या हँगरवर फक्त लटकलाय. त्यामुळे तुझं घड्याळ सुरूच होत नाही.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅनवर, फुकट होते. दोन हजार मागणारा एजंट भेटेल, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. नोंदणी झाली की बुटीकला सांग: निम्मा माल तरी बिलावर घ्या. ३५ टक्क्यांऐवजी ४० टक्के सूट दे हवी तर, पण बिल आणि ४५ दिवस. उरलेला निम्मा ठेवायचा तर चलन, म्हणजे माल दिल्याचा कागद, बनव: डिझाइन, साइज, नग, किंमत, परतीची तारीख, खाली त्यांची सही. साठ दिवसांत जे विकलं नाही ते परत, आणि तेही सीझन संपायच्या आत. भाद्रपदात पाठवलेला ड्रेस पौषात परत आला तर त्याचं तू काय करणार?

आता एक टोचणारी गोष्ट. तुझ्या पोस्टखाली 'अस्सल हातमागाचा खण' असं लिहिलेलं असतं. अगं, १८० रुपये मीटरचा खण हातमागाचा कसा असेल? अस्सल खण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. तो मुळात चोळीसाठीच विणलेला, त्यामुळे त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी. तुझ्या ड्रेसचा घेर ज्या मोठ्या पन्ह्यात निघतो, ते पॉवरलूमचं कापड आहे. त्यात वाईट काही नाही. धुवायला सोपं, परवडणारं, रंग भरपूर. पण मग तसंच लिही. उद्या एखादी जाणकार बाई कमेंटमध्ये विचारेल, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. त्यापेक्षा वर्षातून एकदा दहाच जॅकेटं खऱ्या हातमागाच्या खणाची कर, विणकराकडून थेट कापड आणून, दुप्पट किमतीला. अरुंद पन्ह्यातून कटिंग बसवणं हे डिझायनरचंच काम आहे. डिझायनर वैशाली शडांगुळे यांनी हाच खण आपल्या डिझाइनमध्ये नेला, आणि त्यांचं काम २०२१ मध्ये पॅरिसच्या कूत्यूर (मापाने, हाताने घडवलेल्या उंची कपड्यांच्या) आठवड्यापर्यंत पोचलं. आपल्याकडे अजून खण म्हणजे ओटीचा, एवढ्यावरच गाडी थांबते.

जॅकेट उचललं त्याबद्दल तुला राग येणं साहजिक आहे, पण वकिलाकडे पैसे घालवू नकोस. डिझाइनची नोंदणी करायची तर ते बाजारात किंवा इंटरनेटवर दाखवण्याआधी करावी लागते. तू ते वर्षापूर्वीच इन्स्टावर टाकलंस. कॉपीराइट म्हणशील, तर नोंदणी होऊ शकणारं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याचे यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग निघाले की तोही हक्क जातो. तू तर सत्तर विकलेत. आपल्या व्यवसायात उचलाउचली होणारच. उचलणारे दुसऱ्या डिझाइनवर जाईपर्यंत आपण तिसरं आणायचं, हाच त्यावरचा इलाज. मात्र ब्रँडचं नाव जप. कपड्यांसाठी २५ व्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज कर. व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं चालते. कॉलर कोणीही चोरेल, पण तुझं लेबल लावून विकायला लागला तर त्याला हिसका दाखवता येईल.

जीएसटीबद्दल पत्रात चकार शब्द नाही, म्हणून मीच काढते. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना; तू गिऱ्हाइकाच्या कापडावर शिलाईही करतेस, म्हणून तुला २० लाखांची. तुझी उलाढाल त्याच्या खाली आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकायला नोंदणी लागत नाही. पण बेळगाव! सांगलीहून बेळगाव म्हणजे आपल्याला शेजारचं गाव वाटतं; मावशी तिथे, आत्या तिथे. कायद्याच्या लेखी ते दुसरं राज्य आहे, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना सवलत आहे, पण मशीनवर शिवलेला पॉवरलूमचा ड्रेस त्यात बसेल असं धरून चालू नकोस. कंपोझिशन योजनेचा, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोयीचा, सल्ला कोणी देईल. त्यात राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणजे तुझ्या उपयोगाची नाही. सीएकडे एक तास बस, त्याची फी दे आणि हा विषय संपव. नोंदणी झाल्यावर दर लावताना एक लक्षात ठेव: २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. २,५०० चं जॅकेट गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतं आणि २,६०० चं ३,०६८ ला. शंभर रुपये वाढवून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर साडेचारशेचा बोजा कोण टाकेल? एक तर अडीच हजारांत बसव, नाहीतर हातमागाच्या जॅकेटासारखं सरळ साडेतीन-चार हजारांचं काम कर. मधल्या पट्ट्यात राहू नकोस.

मास्टर गेला याचं दुःख तू मास्टर गेला म्हणून करतेस. मला काळजी वेगळीच वाटली: त्याच्याबरोबर पॅटर्नही गेले. तू डिप्लोमा केलेली मुलगी, तुझ्या ड्रेसचं कटिंग दुसऱ्याच्या डोक्यात कसं राहिलं? एक आठवडा काम बंद ठेव असं सांगायला मी कचरणार नाही. जाड कार्डशीटवर प्रत्येक चालणाऱ्या डिझाइनचे पॅटर्न काढ, मीडियम आधी, मग ग्रेडिंग, म्हणजे त्यावरून बाकीच्या साइज. प्रत्येक तुकड्यावर नाव, साइज, किती नग कापायचे, दोऱ्याची दिशा, शिलाईसाठी किती सोडलंय ते लिही, भोक पाडून खुंटीला लटकव. मग नवा मास्टर आठवड्यातून दोनच दिवस, कटिंगपुरता आला तरी चालेल. पूर्ण पगाराचा माणूस तुला सध्या परवडतही नाही. शिवणाऱ्या दोघींना मात्र धरून ठेव. पीस रेट आहे तोच राहू दे, पण काम नसलेल्या महिन्यात किमान अमुक इतके मिळतील अशी हमी दे. सणाच्या आधी उचल दे, आणि ती लिहून ठेव. आरीवाला तुझ्याकडे एकच आहे. तो ईदला गावी गेला आणि तेव्हाच लग्नाची तारीख आली तर? दुसरा आत्ताच शोध, त्याला दोन साधी कामं देऊन बघ.

ब्रँड कसा चालवायचा? बावीस डिझाइन नकोत. चार ठेव. नवं डिझाइन आलं की एकच नमुना शिव, मीडियममध्ये, फोटो टाक, अर्धे पैसे यूपीआयवर घे आणि दहा दिवसांत पाठव. कॅश ऑन डिलिव्हरी बंद. परत आलेल्या पार्सलचं जाण्या-येण्याचं भाडं तूच भरतेस. अॅडव्हान्स आले तेवढेच दर शुक्रवारी कापायचे. तागा घेताना 'अख्खा घेतला तर दहा रुपये कमी' या मोहात पडू नकोस. तुझ्या फोटोत मागे रॅकवर जे ताग्यांचे ढीग दिसतात ना, तुझा गेल्या वर्षीचा पगार तिथे पडलाय. आधी ते संपव. तयार माल करायचाच तर सणाच्या आधी, मोजका: संक्रांतीला काळा, गणपती-नवरात्राला रंगीत. प्रदर्शनाचा स्टॉलही वर्षातून दोनच. स्टॉलचं भाडं, जाणं-येणं, जेवण, दोन दिवस बंद राहिलेलं घरचं काम, हे सगळं त्या स्टॉलच्या नावावर लिहायचं.

आणि पंचांग भिंतीवर टांग. तुझी कमाई लग्नसराईवर आहे: तुळशीचं लग्न झालं की माणसं माप द्यायला येतात, आषाढीनंतर ओस. त्यात २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे मे महिना, जो तुझ्या वहीत सगळ्यात भरलेला असतो, तो निम्मा कोरडा जाणार. लग्नं एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम कोसळतील. त्या गर्दीत सगळ्यांना हो म्हणू नकोस. आठवड्याला किती ब्लाउज नीट निघतात तो आकडा ठरव, त्यावर आलेल्याला तातडीचा दर सांग किंवा नाही म्हण. तुझा दर तीन वर्षांत बदललेला नाही. आरीवाल्याचा दोनदा वाढलाय. तुझा दर पंधरा टक्के वाढवायला आत्ता हरकत नाही. नवरीची आई शालूवर किती खर्च करते हे तुला माहीत आहे, ब्लाउजच्या ५०० रुपयांसाठी ती दुसरीकडे जाणार नाही. जी जाईल, तिला जाऊ दे.

ऑर्डर घेताना पावतीवर साडीचा फोटो चिकटव, आधीच कुठे डाग किंवा ओढलेला धागा असेल तर त्यावर गोल कर, आणि तिची सही घे. ट्रायलची तारीख तिथेच लिही. पैठणीचा ब्लाउजपीस एकदाच कापता येतो, हे तुला सांगायला नको.

गाळा घेऊ नकोस. १८ हजार भाडं म्हणजे महिन्याला अकरा ब्लाउज फक्त गाळामालकासाठी. नवऱ्याचा हेतू चांगला आहे, पण नवरीची आई तुला मेन रोडवर शोधत नाही. ती भाचीच्या लग्नातला ब्लाउज बघून तुझा नंबर मागते. मुद्रा कर्जाला माझा विरोध नाही. तारण लागत नाही. 'शिशु'त ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर'मध्ये ५ लाखांपर्यंत मिळतं. पण ते यंत्रासाठी घे: इंडस्ट्रियल ओव्हरलॉक, वाफेची इस्त्री, जमलं तर काजाचं मशीन. ५० हजारांच्या आसपासच थांब. कर्ज काढून कापड भरायचं नाही, डिपॉझिट तर मुळीच द्यायचं नाही. पंतप्रधान रोजगार निर्मितीची सबसिडी मिळवून देतो म्हणणारे येतील. ती योजना मुळात नव्या उद्योगासाठी आहे, तुझ्यासारख्या चालू धंद्यासाठी नाही. त्यासाठी खोटी कागदपत्रं करायच्या भानगडीत पडू नकोस.

अनिता डोंगरेंचं म्हणशील, तर दोन शिलाई मशीनवर घरातून सुरुवात केली हे खरं आहे. पण तुझ्या नवऱ्याला पुढचंही सांग: त्यांची बहीण आणि भाऊ धंद्यात बरोबर होते. त्याला खरंच मदत करायची असेल तर गाळा शोधण्याऐवजी रविवारी दोन तास तुझी वही लिहू दे. कुरिअरची बिलं, बुटीकची चलनं, आरीवाल्याचा हिशेब, हे सगळं त्याच्याकडे. तू कात्री धर.

सासूबाईंना मी मोडीत काढणार नाही. कॉलेजात विचार की तासिका तत्त्वावर, आठवड्याला दोन दिवस जमेल का. आषाढ ते आश्विन तुझ्याकडे तसंही काम कमी असतं, तेवढ्यात घराचा किराणा सुटेल, आणि शिकणाऱ्या मुलींमधून उद्याची मदतनीसही मिळेल. पूर्ण वेळ मात्र आत्ता नको. पुढची लग्नसराई संपेपर्यंत दोन्ही खाती वेगळी चालव. तोवर ब्लाउजच्या खात्यातून सलग सहा महिने पगार निघाला तर नोकरीचा विषय काढायचा नाही. नाही निघाला तर धर, आणि ब्रँडची ती दहा जॅकेटं सुट्टीत कर. त्यात कमीपणा काही नाही.

बुटीकला काय लिहायचं हे तुला सुचत नसेल, तर हे घे: 'नमस्कार ताई, माझे आपल्याकडे असलेले नग आणि त्यांच्या किमती सोबत पाठवत आहे. विकलेल्या नगांचे पैसे या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत खात्यावर पाठवावेत. उरलेले नग मी पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जाईन. नवीन माल बिलावर देईन, यादी जोडली आहे.' व्हॉट्सअॅपवर पाठव आणि ईमेलवरही. यादीत प्रत्येक नगासमोर पाठवल्याची तारीख घाल. कुरिअरच्या पावत्या तुझ्या वहीच्या शेवटच्या पानाला टाचलेल्या मला फोटोत दिसल्या, त्यावरून ती मिळेल.